ओएलईडी घ्या, पण हॉलसाठी नको

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि वडिलांची खोली. वर आमची एकच खोली, तिच्या डोक्यावर थेट स्लॅब. मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, बायको शाळेत शिक्षिका आहे. हॉलमधला ४३ इंची टीव्ही जुना झाला, पण चालतोय. मध्यंतरी पुण्यात मित्राकडे ५५ इंची ओएलईडीवर सिनेमा पाहिला आणि तेव्हापासून आमच्या टीव्हीवर रात्रीचा एकही सीन बघवत नाही. सव्वा लाख साठवलेत. दुकानदार म्हणतो, आत्ताच घ्या, पुढे भाव वाढणार. अडचण अशी की वडील (वय ७४, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त) सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत बातम्या लावून बसतात. कारखान्यातला एक जण म्हणतो, ओएलईडीवर बातम्यांची पट्टी कायमची छापली जाते. वडील म्हणतात, "चांगला चालू हाय की बे, कशाला बदलूलालास?" बायको म्हणते, आधी वरच्या खोलीत एसी. हॉलची खिडकी पश्चिमेला, सोफा टीव्हीपासून नऊ फुटांवर. आम्ही दोघं सिनेमे बघतो ते रात्री दहानंतरच. घ्यावा का? घेतला तर जुना टीव्ही वडिलांच्या खोलीत लावून द्यावा का? स्टॅबिलायझर लागेल का? आणि नो कॉस्ट ईएमआयचं काय?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर

घ्या. पण हॉलसाठी नको, आणि या महिन्यात तर नकोच. वहिनींचा एसी आधी, आणि तोसुद्धा तुमच्याच टीव्हीच्या भल्यासाठी.

पुण्यात तुम्ही पाहिलंत ते खरं होतं, मित्राच्या पाहुणचाराचा परिणाम नव्हता. तुमच्या हॉलमधला टीव्ही एलईडी म्हणून विकला गेला असेल, पण आत तो एलसीडीच आहे. मागे दिवे सतत पेटलेले असतात आणि पुढचा पडदा तो उजेड अडवून चित्र करतो. काळं दाखवायचं तर उजेड पूर्ण अडवायला हवा, आणि तो पूर्ण कधीच अडत नाही, थोडा झिरपतोच. म्हणून रात्रीचा सीन राखाडी दिसतो. ओएलईडीत मागचा दिवाच नाही. फोरके पडद्यावर साधारण ८३ लाख ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपका स्वतःच्या उजेडाने उजळतो. काळं म्हणजे ठिपका बंद, विषय संपला. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) वेळी होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम आठवा. वरचं आभाळ काळंकुट्ट असतं म्हणून एकेक ठिणगी सुटी दिसते. तेच दारूकाम मोबाईलवर टिपून घरच्या टीव्हीवर लावलं की आभाळ धुरकट होतं आणि ठिणगीची धार जाते. ओएलईडी ती धार जाऊ देत नाही. एवढ्यासाठीच त्याचे पैसे.

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी मुद्दाम सांगत नाही. ओएलईडी बाजूला बसून पाहिला तरी रंग फिके पडत नाहीत. बऱ्याच एलसीडींत समोर बसलेल्याला चांगलं दिसतं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवरच्याला धुतल्यासारखं. क्रिकेटमध्ये चेंडूमागे शेपूट दिसत नाही, हाही फायदा, कारण ठिपका क्षणात उजळतो आणि क्षणात विझतो.

हे तंत्र नवंनवलाईचं राहिलेलं नाही. सोनीने पहिला ओएलईडी टीव्ही २००७ मध्ये आणला, तो जेमतेम ११ इंची होता. ५५ इंची संच बाजारात आले २०१३ मध्ये. मोठे पडदे मुख्यतः एलजी डिस्प्ले आणि सॅमसंग डिस्प्ले या दोन कोरियन कंपन्याच बनवतात. बाकीच्या नावांचे बहुतेक टीव्ही यांच्याकडूनच पडदे घेतात. तेव्हा ब्रँडवरून रात्र रात्र जागू नका. दुकानात क्यूएलईडी लिहिलेला संच मात्र ओएलईडी समजून घेऊन येऊ नका. तो एलसीडीच असतो, फक्त रंग जास्त चांगले.

फोरकेचं एक. पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही, पण विक्रेता तुम्हाला पहिल्यांदा तेच दाखवणार. नऊ फुटांवरून ५५ इंची पडद्यावर फुल एचडी (म्हणजे फोरकेच्या पाव ठिपक्यांचं चित्र) आणि फोरके यांतला फरक सर्वसाधारण नजरेला ओळखू येत नाही. डोळ्याला दोन ठिपके वेगळे दिसायला त्या अंतरावर साधारण पाऊण मिलिमीटरची फट लागते, आणि ५५ इंची फुल एचडीचा ठिपकासुद्धा त्याहून लहान असतो. तुम्हाला पुण्यात भुरळ घातली ती काळ्या रंगाने.

आता बातम्या. तुमचा कारखान्यातला माणूस बरोबर बोलतोय, फक्त शब्द चुकलाय. पट्टी पडद्यावर छापली जात नाही, पडदा झिजतो. ओएलईडीच्या ठिपक्यात सेंद्रिय रसायन असतं आणि ते जळण्याच्या तासांगणिक थोडं थोडं मंद होतं. निळा उजेड देणारं सगळ्यांत लवकर. सगळा पडदा सारखा झिजला तर कुणाला कळतही नाही. पण खाली चोवीस तास तीच लाल पट्टी, वर कोपऱ्यात तोच लोगो, बाजूला ‘थेट प्रक्षेपण’ची चौकट, असं असलं की तेवढेच ठिपके बाकीच्यांच्या पुढे म्हातारे होतात. मग रात्री दहाला तुम्ही सिनेमा लावणार, नायिका वाळवंटातून चालत येणार आणि तिच्या पायाशी न दिसणारी पण जाणवणारी एक आडवी पट्टी. आपली मराठी बातम्यांची चॅनलं तर या बाबतीत फारच उदार. एका वेळी पडद्यावर तीन पट्ट्या, दोन चौकटी आणि एक घड्याळ नसेल तर बातमी ब्रेकिंग आहे असं त्यांना वाटतच नाही.

हा धोका किती खरा, याची एक चांगली चाचणी झालेली आहे. कॅनडातल्या आरटिंग्ज या टीव्ही तपासणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये एलजीचे सहा एकसारखे ओएलईडी संच दिवसाला २० तास चालवायला घेतले, वेगवेगळ्या कार्यक्रमांवर आणि सेटिंगवर. ज्या संचांवर सीएनएनच्या थेट बातम्या लावलेल्या होत्या, त्यांच्यावर छाप उमटली. त्यातही ज्याचा उजेड पूर्ण वाढवलेला होता, त्याच्यावर जास्त. त्यानंतरचे पडदे सुधारलेत, हे मान्य. चित्र अधूनमधून किंचित सरकवणं, लोगो ओळखून तेवढा भाग मंद करणं, अशा युक्त्या आता आतच असतात. पण तुमचा हिशेब करा, तुम्हाला सवय आहे. सकाळी सात ते रात्री नऊ म्हणजे चौदा तास. वर्षाला पाच हजार तासांच्या वर, आणि त्यातले बहुतेक एकाच चॅनलवर, एकाच पट्टीखाली. इतका वापर कुठल्याही युक्तीला जड जाईल.

त्यात तुमची पश्चिमेची खिडकी. दुपारी चारनंतर हॉलमध्ये ऊन आलं की वडील रिमोट घेऊन उजेड वाढवणार, वाढवायलाच हवा, नाहीतर दिसणार नाही. ओएलईडी अंधारात राजा असतो, पण पडदाभर पांढरा उजेड द्यायची वेळ आली की तो स्वतःहून उजेड कमी करतो. चांगला मिनी एलईडी, म्हणजे मागे बारीक दिव्यांचे पुष्कळ गट असलेला एलसीडी, तिथे त्याच्या पुढे जातो. म्हणजे तुमच्या हॉलमध्ये दिवसभर ओएलईडी लावायचा तर एक तर तो मिणमिणता दिसेल, नाहीतर पूर्ण उजेडावर झिजेल. तिसरी वाट नाही.

आणखी एक बारीक गोष्ट, आपल्या घरांत हमखास नडणारी. हे पडदे झीज भरून काढायला बंद असताना स्वतःची दुरुस्ती करतात. एलजीच्या संचांत साधारण चार तासांच्या वापरानंतर टीव्ही रिमोटने बंद केला की काही मिनिटांची एक फेरी आपोआप चालते. फार तासांनी एक मोठी फेरी होते, ती तासाभराची. ही फेरी चालायची तर भिंतीवरचं बटण चालू हवं. आणि आपल्या वडीलधाऱ्यांचा नियम काय? रात्री झोपताना टीव्हीचं, सेट टॉप बॉक्सचं, गीझरचं, सगळी बटणं खाली. एसटीत हयात घालवलेला माणूस तर डेपोचं कुलूप लावल्यासारखा फिरून बघणार. त्यांना सांगायला जाऊ नका, वाद होईल आणि तुम्ही हराल. तुम्ही वापरणार असाल त्या टीव्हीसाठी मात्र हे लक्षात ठेवा: बंद करायचा तो रिमोटनेच.

आणि वॉरंटी? पडद्यावर उमटलेली छाप बहुतेक वेळा वॉरंटीत बसत नाही. वॉरंटीचा कागद विकत घेण्याआधी वाचायचा असतो, नंतर तो फक्त फाईलला लावायचा राहतो. विम्यासारख्या वाढीव वॉरंटीत छाप धरली आहे का, हे लेखी विचारा. पॅनेल बदलायची वेळ आली तर खर्च नव्या टीव्हीच्या आसपास जातो.

म्हणून हॉलमध्ये नको. आता तुमचा दुसरा प्रश्न, वडिलांना जुना टीव्ही त्यांच्या खोलीत लावून द्यावा का. तांत्रिकदृष्ट्या अडचण मिटते. पण मी म्हणेन, असं करू नका.

वडील हॉलमध्ये बसतात ते फक्त टीव्हीसाठी नाही. तिथून फाटक दिसतं. नळाला पाणी आलं की आधी त्यांना कळतं, आणि किती दिवसांआड येतं ते सोलापूरकरांना मी काय सांगायचं. गॅसवाला, कुरिअरवाला, वीजबिलाचं रीडिंग घ्यायला आलेला, भाजीवाली, शेजारचे काका, सगळ्यांशी पहिलं बोलणं त्यांचं. आयुष्यभर गाड्या आल्या-गेल्याची नोंद ठेवलेल्या माणसाची ही आताची कचेरी आहे, आणि टीव्ही तिथे रेडिओसारखा चालू असतो. तुम्ही टीव्ही आत हलवलात तर टीव्हीबरोबर ते आत जातील. बोलणार काहीच नाहीत, "बरं" म्हणतील. पण दोन महिन्यांत तुम्हालाच हॉल रिकामा वाटेल आणि नवा टीव्ही बघताना चोरट्यासारखं होईल. त्यांचं म्हणणंही बरोबरच आहे की: चालू आहे. बातम्यांसाठी एलसीडी उत्तम, पट्टी चौदा तास चालली तरी त्याला ही झीज नाही. तो बिघडेपर्यंत चालवा. बिघडला तर त्या जागी पुन्हा साधा एलईडी, ४३ किंवा ५० इंची, आणि खिडकीला जाड पडदा. सोलापुरात जाड पडद्याच्या कापडाला काही कमी नाही.

मग ओएलईडी कुठे? वरच्या खोलीत. रात्री दहानंतर, अंधारात, तुम्ही दोघं, सिनेमा. ओएलईडीसाठी मुद्दाम खोली शोधायची म्हटली तरी याहून चांगली सापडणार नाही. बातम्यांची पट्टी नाही, पश्चिमेचं ऊन नाही, आणि दिवसाला दोन-अडीच तासांचा वापर. असा वापर असेल तर छापेची चिंता मनातून काढून टाका, मी शब्द देते.

फक्त एक अडचण, आणि ती वहिनींनी तुमच्या आधी ओळखली. वरची खोली थेट स्लॅबखाली आहे. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४० च्या वर कितीदा जातो ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत आत आग ओकत असतो. एलजीच्या माहितीपुस्तिकेत टीव्ही चालवायचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. तुमची खोली मेमध्ये संध्याकाळी त्या रेषेवर उभी असणार. एखाद्या दिवशी टीव्ही पेटणार नाही किंवा जळून जाईल असं नव्हे, पण उष्णता ही त्या सेंद्रिय रसायनाची वैरीण आहे. जितकं गरम तितकी झीज वेगात. शिवाय टीव्ही स्वतःही तापतो. सव्वा लाखाचा पडदा तव्याखाली टांगण्यात कसलं शहाणपण?

आणि प्रामाणिकपणे सांगा, मे महिन्यात त्या खोलीत तुम्ही दोघं रात्री दहाला बसून तीन तासांचा सिनेमा बघता तरी का? की खाली हॉलमध्ये चटई टाकून झोपता?

म्हणून आधी एसी. त्या खोलीला दीड टनाचा बरा इन्व्हर्टर एसी बसवण्यासकट चाळीस-पंचेचाळीस हजारांत होईल. त्याआधी गच्चीला उष्णता परतवणारा पांढरा रंग मारून घ्या, तो स्वस्तात होतो आणि एसीचं काम हलकं करतो. तुमच्या सव्वा लाखातले ऐंशी हजारांच्या आसपास उरतात. त्यात वर्षभर भर घाला आणि पुढच्या हंगामात ओएलईडी. वहिनींना हे सांगताना मात्र "टीव्हीसाठी एसी घेतोय" असं सांगू नका. "तू म्हणालीस ते बरोबर होतं" एवढं पुरेल. ते खरंही आहे.

थांबल्याने नुकसान होईल का? दुकानदार म्हणतो भाव वाढतील. त्याचं ते कामच आहे. टीव्हीचं चक्र असं चालतं: जानेवारीत लास वेगासच्या प्रदर्शनात नवी मॉडेल्स जाहीर होतात, आपल्याकडे ती साधारण उन्हाळ्यात येतात, आणि ती आली की गेल्या वर्षीचा माल मोकळा करायला किमती खाली येतात. ओएलईडीत एका वर्षात चित्र असं काही बदलत नाही की जुनं मॉडेल घेतल्याचं दुःख व्हावं. मी स्वतः तरी नेहमी मागच्या वर्षीचंच घ्यायला सांगते. दसरा-दिवाळीलाही सूट मिळते, पण सूट कशावर हे बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे करासकट १,२८,००० चा टीव्ही काहीही न करता १,१८,००० ला यायला हवा. कुणी करकपातीआधीची छापील किंमत खोडून "दहा हजार सूट" म्हणून तेच पुढे करत असेल, तर ती त्याची सूट नव्हे. एसीवरचा करही त्याच दिवशी तेवढाच उतरला, तेव्हा तिथेही हाच हिशेब लावा.

दुकानात बघायला जाल तेव्हा. ट्यूबलाइटच्या लखलखाटात सगळे टीव्ही भडक सेटिंगवर लावलेले असतात, कंपनीचा तोच व्हिडिओ फिरत असतो: पोपट, मध, चिरलेली फळं. असल्या उजेडात ओएलईडीचं खरं रूप दिसतच नाही, उलट शेजारचा एलसीडी जास्त चमकतो आणि तोच चांगला वाटतो. तुम्ही पेनड्राइव्हवर तुमच्या आवडीचा एखादा अंधारा सीन घेऊन जा. विक्रेत्याला सांगा, चित्राचं सेटिंग ‘फिल्ममेकर मोड’वर किंवा ‘सिनेमा’वर टाका, आणि जमलं तर तेवढ्या भागातले दिवे मालवा. ज्याला विकायचं आहे तो मालवतो. मग सेट टॉप बॉक्स जोडायला सांगा आणि एखादं साधं, एचडी नसलेलं चॅनल लावा. तिथे बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. साध्या चॅनलच्या चित्रात सव्वाचार लाखांहून कमी ठिपके असतात, ते ८३ लाखांवर ताणायचे म्हणजे एकाचे वीस करायचे. चित्र मऊ, गिळगिळीत दिसतं. तुम्ही वर केबल जोडणारच नसाल तर प्रश्न नाही.

शोरूममध्ये लावलेला डिस्प्ले पीस मात्र कितीही स्वस्त दिला तरी घेऊ नका. एलसीडी असता तर मी म्हटलं असतं, घासाघीस करून उचला. ओएलईडीचा डिस्प्ले पीस म्हणजे दिवसाला दहा-बारा तास पूर्ण उजेडावर तोच व्हिडिओ आणि कोपऱ्यात तोच कंपनीचा लोगो दाखवून झिजलेला पडदा. घेण्याआधी नाही, घरी आल्यावर सिनेमात कळतं.

आकाराचं फार विचारात पडू नका. ५५ इंची टीव्ही साधारण १२२ सेंटिमीटर रुंद आणि ६९ उंच असतो. भिंतीवर तेवढा जुना पेपर चिकटवा आणि पलंगावर बसून बघा. पलंग ते भिंत सात-आठ फूट असेल तर ५५ पुरेसा आहे. भिंतीला लावाल तेव्हा वर आणि बाजूंना वितभर मोकळी जागा सोडा, आणि एसीचा गार झोत थेट त्याच्यावर येणार नाही असं बघा. खोका जिन्यातून नेताना उभाच न्यायचा. पडदा पातळ असतो, वळणावर कुणीतरी "आडवा करा की हो" म्हणेलच, करू देऊ नका.

आवाज पातळ टीव्हीला बेताचाच असतो. साउंडबार नंतर घेता येतो.

इंटरनेटची सोय मात्र आधी करा. राउटर खाली हॉलमध्ये असेल आणि मधे स्लॅब, तर वर वायफाय रडतं. नेटफ्लिक्स फोरकेसाठी १५ एमबीपीएसचा सलग वेग मागतं, आणि फोरके फक्त त्यांच्या सगळ्यांत महागड्या प्रीमियम प्लॅनमध्ये मिळतं. त्याखालच्या स्टँडर्ड प्लॅनवर तुम्ही फुल एचडी बघणार, आणि वर सांगितलं तसं, त्याने बिघडत नाही. एसीचं वायरिंग करायला इलेक्ट्रिशियन येईल तेव्हाच त्याच्याकडून राउटरपासून एक लॅनची (इंटरनेटची) वायर वर ओढून घ्या. भिंत दोनदा फोडायला लागणार नाही.

स्टॅबिलायझर लागत नाही. टीव्हीच्या मागच्या पट्टीवर बघा, बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. तेवढा चढउतार तो स्वतः सांभाळतो. दुकानदार दोन-तीन हजारांचा डबा गळ्यात मारेल, नको म्हणा. आपल्याकडे खरं भय आहे ते वळवाच्या पावसातल्या विजांचं. चांगला सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला लोंढा अडवणारं उपकरण) घ्या आणि घराचं अर्थिंग तपासून घ्या, कारण अर्थिंग नसेल तर तो प्रोटेक्टर नुसता शोभेचा. विजा कडकडू लागायच्या आतच प्लग काढा, आणि डिश असेल तर गच्चीवरून येणारी तिची वायरही काढा. पुष्कळ लोक प्लग काढतात आणि ती वायर विसरतात. मग वीज त्या वाटेने सेट टॉप बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयच्या वायरमधून टीव्हीत जाते. हॉलच्या टीव्हीलाही हेच लागू, ते वडिलांना सांगा. हे ते ऐकतील.

नो कॉस्ट ईएमआय. व्याज कुणीतरी भरतच असतं. शून्य टक्क्याच्या नावाखाली प्रक्रिया शुल्कात व्याज लपवण्यावर रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बोट ठेवलं आणि क्रेडिट कार्डांवरच्या तशा योजनांना मनाई केली. आता पद्धत अशी की व्याजाएवढी सूट किमतीत आधी देतात आणि बँक व्याज लावते. क्रेडिट कार्डाचा हप्ता असेल तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्याकडून जातो, वर प्रक्रिया शुल्क. रक्कम फार मोठी नसते, पण रोख घेतलं तर दुकानदार जी सूट देतो ती हातची जाते. दोन्ही भाव कागदावर मागा. तुमच्याकडे पैसे साठवलेले आहेत, तेव्हा हप्त्यांची गरज मला दिसत नाही.

आणि समजा धीर धरवलाच नाही, दिवाळीत टीव्ही आणायचाच असं ठरलं, तर हॉलसाठी ५५ इंची मिनी एलईडी आणा. तुमच्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास बरे संच मिळतात, उरलेल्यात एसी बसतो. उन्हात छान दिसतो, बातम्यांनी झिजत नाही. रात्रीच्या सीनमध्ये पांढऱ्या अक्षरांभोवती थोडी आभा दिसेल आणि पुण्याची आठवण येईल. ती किंमत. तुम्ही ज्या आवेशाने पत्र लिहिलंय त्यावरून मला वाटतं, तुम्ही वर्षभर थांबाल.

घ्याल तेव्हा बिलावर मॉडेलचा पूर्ण नंबर आणि सिरीयल नंबर लिहून घ्या, नुसतं "५५ ओएलईडी" नको. एकाच मालिकेत दोन-तीन मॉडेल्स असतात आणि किमती वेगळ्या. खोका कंपनीचा माणूस आल्यावरच त्याच्यासमोर फोडा, मोबाईलवर चित्रीकरण चालू ठेवा. टीव्ही लागला की पूर्ण करड्या रंगाचा एक व्हिडिओ यूट्यूबवर लावून पडदा न्याहाळा, मेलेला ठिपका किंवा उभे पट्टे असतील तर तिथेच दिसतात. त्या माणसाची सही त्यानंतर.